दर अडीचशे चित्रांनंतर

तपकीर गल्ली, पहिला मजला.
खाली कोणीतरी स्पीकर तपासतंय, हॅलो, हॅलो,
आणि नसीमा तांबोळी पेन ड्राइव्ह काढतात
रुमालाच्या गाठीतून, सुटे पैसे काढावेत तसा.

फाइल एकच. चार मिनिटं अकरा सेकंद.
नाव नुसतं "नवीन ३".
भवानी पेठेतलं दुकान, आणि त्यांचे अब्बा
डोळ्याला भिंग लावून घड्याळ उघडून बसलेले.
हलतात ती फक्त बोटं.

"कशानं एवढं पुसट झालंय ते सांगा," त्या म्हणाल्या.
"आणि अजून एक. ते मधूनमधून श्वास घेतात.
मी मोजलंय. घरात कुणी मानत नाही."

मी फाइलचं पोट उघडलं.
दाबणाऱ्यानं नाव मागे ठेवलं नव्हतं,
ती ओळच कुणीतरी पुसलेली.
मग चोर ओळखतात तसं, सवयींवरून:
अंधारात चौकोन किती मोठे पडलेत,
कुठे हात सैल सोडला,
कुठे दात कोरून पोट भरलं.

भिंतीवर त्यानं दमडी खर्चली नव्हती.
कॅलेंडर, सेलोटेप लावलेली काच,
अब्बांचा खांदा, दाढी,
सगळं मागच्यासारखंच, मागच्यासारखंच,
वाण्याच्या वहीतल्या डिट्टोच्या खुणा.
जे काही दिलं ते बोटांना,
त्यातही चिमट्याच्या टोकाला जास्त.

तसं करता करता चुका साचतात.
गाल मेणाचा होत जातो.
आणि दर अडीचशे चित्रांनी
दाबणारा मागचं सगळं सोडून देतो,
एकदा पुरता माणूस नव्यानं काढतो.
दाढीचे केस परत येतात,
सदऱ्याची चुणी किंचित उचलते.
सेकंदाला पंचवीस चित्रं. म्हणजे बरोबर दहा सेकंद.

यादी काढली. सव्वीस की-फ्रेम.
एकशे नव्वदाव्या सेकंदाला एक,
लगेच एकशे ब्याण्णवला दुसरी,
आणि तिथून मोजणी पुन्हा पहिल्यापासून.
"इथं काय झालं होतं?"
"लाइट गेले होते," त्या पटकन म्हणाल्या. "गुरुवार होता."

सांगितलं मग.
श्वास नाही हा, हिशेब आहे.
काय ठेवलं, काय टाकलं,
आणि टाकलेलं परत येत नाही, तेही.
गोड बोलून धंदा होतो या गल्लीत;
मला जमत नाही.

त्या यादीवर बोट फिरवत राहिल्या,
शून्य, दहा, वीस, तीस,
पोराचे पाढे तपासावेत तशा.

"म्हणजे माझं मोजणं बरोबर होतं."

"बरोबर होतं."

"मग हे कागदावर द्या. शिक्का मारून.
घरी दाखवायचंय."

शिक्क्याची शाई कधीचीच सुकलेली.
रबरावर दोनदा तोंडाची वाफ सोडली,
तेव्हा कुठे उमटला.