मिठाचा घोडा

ऑर्कनीच्या उत्तरेकडल्या बेटांवर
मी पुस्तकांची गाडी चालवते. एकोणीस वर्षं झाली.
बोटीतून उतरलं की पहिला थांबा शाळेचा,
दुसरा चर्चमागचा,
तिसरा जिथे वाऱ्यापुढे दार उघडत नाही तिथे.

त्या मालिकेचे नऊ भाग, प्रत्येकाच्या चार प्रती.
फळीवर एका वेळी दोनाहून जास्त कधी दिसत नाहीत.
उसवलेल्या बांधण्या मी रात्री स्वतः चिकटवते.
चौथ्या भागातून वाळू पडते.
सहाव्यातून एकदा माशाचा काटा निघाला,
खूण म्हणून ठेवलेला.

लीस्क मास्तर गाडीत चढतात ते अंग शेकायला.
"उथळ पाण्याला खळखळाट फार, विल्मिना.
वाक्यं बघ, ओल्या पुठ्ठ्यासारखी.
दर पानावर कुणीतरी दचकतं,
दर दहाव्या पानावर तेच धुकं.
आणि तो घोडा!
पहिल्या भागात बजावून सांगितलंय, मिठाचा आहे,
पावसात नेऊ नका.
तिसऱ्यात भर पावसात नदी ओलांडतो,
शेपटीसुद्धा शाबूत!
बाई विसरली.
चार कोटी प्रती खपल्या, आणि बाई विसरली."

मी काय बोलणार?
मलाही ते दिसलं होतं.
सातवा भाग मी अर्ध्यावर ठेवला,
तो अजून तिथेच आहे, न्हाणीघराच्या खिडकीत.

माझ्या सीटमागे, अगदी खालच्या फळीवर
एक दुसरं पुस्तक आहे.
इथल्याच एका बाईने लिहिलेलं, मुलांसाठीच.
एक मुलगी, एक सील, एक न बोलणारा बाप.
त्यातली भरती वाचताना
माझे मोजे ओले झाल्यासारखे वाटतात.
अकरा वर्षांत दोनदा बाहेर गेलं.
दोन्ही वेळा माझ्याच नावावर.

मग लायक कोण?
हेरिंगचे थवे आले त्या वर्षी
फाटक्या जाळ्यांतही मासा मावेना, म्हणतात.
माझ्या आजोबांचं जाळं बेटावर सगळ्यांत सुबक.
ते त्या आठवड्यात दाढ धरून घरी बसले होते.

पण हेही मला पुरतं पटत नाही.
मासा काय, आंधळेपणी शिरतो.
पोरं तशी नाहीत.
नावडलेलं पुस्तक ती दुसऱ्या पानावर टाकतात,
कुणी भेट दिलंय याची भीडभाड न ठेवता.

एर्लंड दहा वर्षांचा आहे.
अक्षरं त्याच्यापुढून खेकड्यांसारखी आडवी पळायची.
पाचवा भाग त्याने गोठ्यात वाचला,
गाय अडली होती त्या रात्री,
एका हातात विजेरी, ओठ हलवत.
ते पुस्तक परत द्यायला तो उभा होता,
मास्तरांचं बोलणं ऐकत.

"घोडा त्या दिवशी घाबरलेला नव्हता," तो म्हणाला.
"काय?"
"घाबरला तरच तो विरघळतो.
पुस्तकात नाहीये ते.
पण तसंच आहे."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला,
आणि हातातच धरून बसले.
गाडीच्या टपावर गारा वाजत होत्या.

आता हे वाक्य कुणाच्या खात्यावर मांडू?
बाईच्या? तिच्या विसरण्याच्या?
की गोठ्यातल्या त्या विजेरीच्या?
दुसरीच्या पुस्तकात असं भोक कुठेच नाही.
तिने सगळी भोकं नीट बुजवली आहेत,
फार नीट, असं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं,
आणि वाटल्याची लाजही वाटली.

निघताना मी ते त्याच्या हातात दिलं.
"घोडा आहे?"
"सील आहे."
त्याने वजन केल्यासारखं धरलं, आणि नेलं.

नऊ आठवड्यांनी ते परत आलं.
दंड मी घेतला नाही.
एकेचाळिसाव्या पानाचा कोपरा मुडपलेला.
तिथे थांबला,
की तिथे पुन्हा यायचं होतं,
मी विचारलं नाही.

सहाव्या भागाला गोंद लावला.
तो कोपरा मात्र
तसाच राहू दिला.