शेरा

महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी
रिवणात, पंचायतीच्या मागं फणसाखाली
आमची जीप उभी राहते.
डॉक्टरीणबाई सुई भरतात, मी लिहितो.
अनुक्रमांक, मालकाचे नाव, जनावर, वय, लस,
आणि कडेला बोटभर रुंदीचा एक रकाना: शेरा.

वय कुणालाच ठाऊक नसतं.
साकव वाहून गेला त्या साली जन्मली, म्हणतात,
धाकट्याच्या मुंजीला हिचंच दूध होतं.
मी दात बघतो आणि चार लिहितो.

इनास हातगाडीवरून डुक्कर आणतो,
गोणपाटात बांधलेलं, साऱ्या जगावर चिडलेलं.
जानेवारीत त्याच्या मुलीचं लग्न.
हे डुक्कर तेव्हा कुठं असणार
ते सगळ्या वाड्याला माहीत आहे,
एक डुक्कर सोडून.
"मग लस कशाला?"
तो माझ्याकडे असा बघतो,
जसं त्याच्याच घरी जेवून मी ताटाला नाव ठेवलं.
"जानेवारी लांब आहे रे.
तोवर त्याला ताप का म्हणून यावा?"

गांवकरांची शमा दप्तरातून मांजर काढते.
मांजराचं नाव लिहायला जागा नाही
हे ऐकून तिचा ओठ थरथरतो.
शेऱ्यात लिहितो: हिचे नाव मॅडम.

बसस्टॉपवरच्या लंगड्या कुत्र्याचा मालक कोण,
यावर पोदेर, कंडक्टर आणि बारवाली सांतान
यांचं जुंपतं.
तिघंही म्हणतात, माझा.
तिन्ही नावं घालतो. रेघेबाहेर जातात.

एक वाजता, सुया उकळायला टाकल्यावर,
डोंगरावरून ठकूबाई झोरे उतरली. एकटी.
"म्हैस कुठं?"
"गेली. आषाढात. पान लागलं."
पदराची गाठ दातांनी सोडून
तिनं जीपच्या बॉनेटवर ठेवला
कानातला पिवळा बिल्ला, बारा आकड्यांचा.
"पुरायच्या आधी कापून घेतला.
सरकारी वस्तू. परत दिलेली बरी.
आणि नाव काढ तिचं.
नाहीतर तुम्ही पुकारणार, ती नसणार,
लोक म्हणणार, झोरेणीनं म्हैस विकून खाल्ली."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे उतरवले,
थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतून तिला दिला.
मी पानं मागं उलटत गेलो.
एकेचाळीस. ठकू झोरे. म्हैस. चार.
खुरकुताची लस.
आणि शेऱ्यात माझंच अक्षर.

"काय लिवलंस?"
"लाथ मारते."
ती आधी गप्प राहिली,
मग पदर तोंडावर धरून हसली,
खांदे हलेपर्यंत.
"मारायची. खरं लिवलंस.
रोज एकदा तरी.
कासंडी सांडली की अशी बघायची, जणू मीच सांडली."

चहा संपला.
"आता ओढ रेघ."

पट्टी नव्हती. रेघ वाकडीच आली.
शेऱ्यावरून मात्र नेली नाही,
आणि तिनंही ते पाहिलं नाही,
किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.

निघताना वळली.
"पारडी आहे. डोंगर उतरवत नाही तिला अजून.
जंताचं औषध दे."
मी सवयीनं पेन उचललं. वय?
साऱ्या गावात ही पहिलीच,
जिला क्षणभरही आठवावं लागलं नाही:
"आय गेली तेव्हा नऊ दिसांची.
आज अडुसष्ट."

तेवढंच लिहिलं. आकड्यात.
बिल्ला ड्रॉवरमध्ये टाकायचा होता,
फॉर्म भरून वर पाठवायचा असतो तो.
अजून माझ्या शर्टाच्या खिशात आहे.

जीप नेहमीसारखीच चालू होईना.
इनासनं बाटली खाली ठेवून मागून खांदा लावला,
शमानंही लावला, मांजरासकट.
डुक्कर हातगाडीवरून बघत होतं.
आम्ही लोटत होतो.