सिरपच्या डब्याचा पत्रा

ऑटली. मार्चातला शनिवार. चर्चच्या मागचा हॉल,
रेडिएटरवर कोणाचे तरी ओले हातमोजे.
माझ्यासमोर भिंग, टॉर्च, आटे मोजायचा गेज
आणि छापील कार्ड: प्रत्येक भागापुढे एक चौकोन,
मूळ, किंवा नंतरचा.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
सायकलचं विचारायचे मला दिवसाला चाळीस पाउंड मिळतात
आणि दुपारी एक काकडीचं सँडविच.

डेझमंड अक्रॉइडने सायकल उलटी केली,
बाळंतिणीला कुशीवर वळवावं तशी, दोन्ही हातांनी.
"भावाची. क्लिफर्डची. एक्कावन साली नवी घेतलेली."
पेडलच्या नळीखालचा नंबर रंगाच्या थरांत बुडालेला,
आधी बोटाने वाचला, मग डोळ्यांनी. बरोबर.
जोडांच्या कडा कानशीने निमुळत्या केलेल्या,
डावी किंचित जाड:
कारागिराची संध्याकाळ झाली असावी.
पंपाच्या क्लिपखाली ऊन कधी पोचलं नव्हतं,
तिथे हिरवा अजून हिरवा.

मागच्या हबच्या पोटावर ठोकलेलं साल, एक्कावन.
क्रँकच्या पाठीवरचं अक्षरही त्याच सालचं. डाव्याच्याही.
ब्रेक, पेडलं, सीटचं कातडंसुद्धा.
इतकं जुळतं का कधी?
छत्तीस गुण जुळलेली लग्नं मी पाहिली आहेत,
एक तर आमच्याच घरात.
मी भिंग खाली ठेवलं.

"बारा वर्षं लागली," डेझमंड म्हणाला,
शंभरपैकी शंभर मिळालेल्या पोरासारखा.
"रिपन, हॅरोगेट, एकदा बोटीने बेल्जियमला, एका पेडलसाठी."
"मग क्लिफर्डचे भाग?"

बिस्किटांचा डबा गाडीत होता.
वाकडा डावा क्रँक (ब्लबरहाउसेसचा उतार, आडवी आलेली मेंढी).
तीन हप्त्यांत घेतलेला फ्रेंच गिअर.
ब्रेकचं रबर, अंगठ्याच्या जागी गुळगुळीत.
आणि पत्र्याची एक पट्टी, गोल वळलेली,
एका बाजूला खरवडलेलं हिरवं-सोनेरी काहीतरी.
सिरपचा डबा असावा.
ती कशाला ठेवलीय, डेझमंडला ठाऊक नव्हतं.
टाकणारच होता.

मला ठाऊक होतं.
किर्लोस्करवाडीला जे जे सैल बसायचं
त्यात आम्ही डालड्याचा पत्रा कापून घालायचो.
साहेब त्याला शिम म्हणायचे, आम्ही पॅकिंग.
क्लिफर्डची सीटची दांडी केसभर बारीक निघाली असणार,
नव्या दांडीला पैसे नसणार,
आणि सिरप संपलेलं असणार.

डेझमंडची बरोबर मापाची, बरोबर सालची दांडी मी काढली,
नळीत टॉर्च धरला.
आत दोन ओरखडे, उभे, समांतर,
वरच्या काठापासून निघून मध्येच थांबलेले.
पट्टी सरळ केली. मोजली. अडीच इंच आणि थोडं.
ओरखडेही अडीच इंच,
आणि तेवढंच थोडं.

डेझमंड एक डोळा मिटून नळीत बघत राहिला.
चहाची किटली ओरडून गप्प झाली.
वर आला तेव्हा भुवईवर ग्रीसचा अर्धा चंद्र.
"शनिवारी आई पॉरिजवर हेच घालायची," म्हणाला.
मग म्हणाला, "नाही. तो जॅम असायचा."

कार्डावर तेवीस चौकोन. पट्टीसाठी एकही नाही.
खाली सहीच्या रेघेवर मी लिहिलं:
पत्रा, सिरपच्या डब्याचा, नग एक. मूळ.
सही मग कडेला, उभी,
कशीबशी मावली.