पेन्सिलीतलं नाव

दर सप्टेंबरात मी शाळांचे पट मागवते.
डावीकडे गावाचे जन्म, उजवीकडे हजेऱ्या,
मध्ये लाकडी पट्टी धरून खाली उतरत जाते.
हा जन्मला, हा बसला. ही जन्मली, ही बसली.
एक नदीत गेला.
दोघं आईबापांमागे इटलीला.
आणि मोइस इलिंका:
जन्मली आहे, मेली नाही, गेली नाही, बसली नाही.

शाईनं लिहायची तर कुठल्या रकान्यात?
गळतीत टाकली तर बाप म्हणतो,
गळायला ती काय नळ आहे?
म्हणून सहा वर्षं पेन्सिलीनं लिहिते तिला,
हलक्या हातानं,
उद्या कुणी खोडायला सांगितलं तर कागद फाटू नये.

जिल्ह्याला विचारलं: घरी शिकवायला मनाई आहे का?
वर्षभरानं उत्तर आलं: तशी तरतूद आढळत नाही.
मग विचारलं: मुभा आहे का?
तशी तरतूद आढळत नाही.
दोन्हींवर एकच सही,
शिक्का दुसऱ्या खेपेला जरा तिरका.
आमचे वकील तिबेरिउ चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
कायदा शिक्षण सक्तीचं म्हणतो, बाई,
शाळा कुठे म्हणतो?
मी उठले तर दारापर्यंत आले.
शाळेशिवाय, असं तरी कुठे म्हणतो?
फी एकदाच घेतली, हे खरं.

फेब्रुवारीत गेलो शेवटी, मी आणि बालकल्याणचा ओक्ताव.
गुडघाभर बर्फ. कुत्रा आधीच बांधलेला,
म्हणजे आम्ही येणार हे मारामुरेशभर झालेलं.
साफ्तानं, तिच्या आईनं, न मागता टेबलावर मांडल्या
सहा वर्षांच्या वह्या, सुतळीनं बांधून,
जशी माणसं शेताचे कागद बांधून ठेवतात
कोण कधी येईल सांगता येत नाही म्हणून.
ओक्ताव म्हणाला, ड्यूटीवर घेत नाही,
आणि आलुबुखारची दारू दोनदा घेतली.
मग घसा साफ करून त्यानं विचारलं, सात आठे?
बारा वर्षांच्या पोरीनं दयेनं छप्पन्न म्हटलं.
अंगणातल्या ओंडक्याला दोरी गुंडाळून ती सांगत होती
फळ्या किती निघतील, भुसा किती,
आणि गिरणीवाला किती सांगेल.

मला आठवत होता तिचा दुसरीतला निकाल.
त्या वर्षी तिनं वर्गात बोलणं थांबवलं होतं.
ऑक्टोबर ते जून, एक शब्द नाही.
शेरा होता: शांत मुलगी. उत्तम.

निघताना तिनं विचारलं, मी आहे का त्या पुस्तकात?
नियमात बसत नाही, पण पट उघडला.
(नियमात काय बसतं, हे एव्हाना मला कोण सांगणार?)
ती बराच वेळ बघत राहिली.
मग कानामागची पेन्सिल काढून
आडनावातल्या शेवटच्या अक्षराखाली
एक स्वल्पविराम दिला, एवढाच.
आमच्या लिपीत स-च्या पायाशी तो आला की श होतो.
मोइश. बरोबर आहे.
सहा वर्षं मी भलत्याच घरातली मुलगी शोधत होते.

ओक्तावनं अहवाल लिहिला:
भेट दिली. मूल आढळले. पुढील आदेशार्थ सादर.

येत्या सप्टेंबरात माझ्या खुर्चीवर कोर्नेल असेल.
हुशार पोरगा, कॉम्प्युटरवर पट भरतो.
काल तिच्या नावापाशी येऊन अडला.
हे मशीन रिकामी चौकट पुढे जाऊ देत नाही, म्हणाला,
हो किंवा नाही, काहीतरी दाबावंच लागतं.
मी म्हटलं, जेवून ये आधी.
तो गेला.
पडद्यावर ती उभी रेघ
उघडमीट करत राहिली,
आणि मी कधी नव्हे ती
जेवायची सुट्टी संपेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिले,
आडनाव तेवढं दुरुस्त करून.