स्थिर जलपातळी

नवऱ्याचं नाव निवृत्ती,
तरी निवृत्त व्हायला अठ्ठावन्न वर्षं लागली.
जन्मभर जिंतूर रोडच्या शाळेत भूगोल शिकवला,
आता नकाशा फळ्यावरून उतरून
जेवणाच्या टेबलावर आलाय,
जवसाच्या चटणीखाली अर्धा मलेशिया.

लेक तिकडंच असते.
म्हणते, या आता, कागदपत्रांचं मी बघते,
गाव तेवढं तुम्ही ठरवा.

हे म्हणतात, पेनांग. समुद्र.
मी म्हणते, समुद्राचं काय करू?
एवढं पाणी, आणि डाळ शिजत नाही त्यात.

मी भूजल खात्यात होते.
तीस वर्षं विहिरींवर वाकून टेप सोडला,
सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ,
उन्हाळ्यात एकदा, दिवाळीच्या आधी एकदा.
टेपाचं टोक पाण्याला लागलं की
खालून बारीक आवाज यायचा: टुप्.
कधी आवाज यायच्या आधी टेपच संपायचा.
मग रकान्यात लिहायचं, कोरडी.
सही. पुढची विहीर.

गिरणीवाल्या शब्बीरभाईंना कुठून तरी कळलं.
'जगात जर्मनी, भारतात परभणी,
अन् तुम्ही कुठं मलेशियाला जायलाव मॅडम?'
मी हसले, डबा उचलला.
उत्तर पिठासारखंच होतं,
ताजं, आणि हातात धरवत नाही इतकं गरम.

यांनी वही आखली. किराया.
दवाखाना किती किलोमीटर.
पायऱ्या किती (माझे गुडघे).
ज्वारी मिळते का.
शेवटचा रकाना पेन्सिलीनं, अगदी बारीक:
मेल्यावर?
मी तो खोडला नाही.
पेनानं गिरवला.

मग फोटो यायला लागले.
इपोहची बिल्डिंग, सातवा मजला,
खाली पोहायचा निळा तलाव, पोहणारं कुणी नाही.
मी मनातल्या मनात टेप सोडला,
सव्वा मीटर. स्थिर.
लंकावीचं घर तर इतकं सुंदर
की तिथं चप्पल कुठं काढायची ते कळेना.
हे म्हणाले, बघ ना, सूर्यास्त.
सूर्यास्त आपल्या गच्चीवरूनही होतो, मी म्हटलं,
पाण्याच्या टाकीच्या मागं.
दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी.

आणि मग ताइपिंग.
लेकीनं लिहिलं होतं, इथं फार पाऊस असतो आई,
कपडे वाळत नाहीत, तुला आवडणार नाही.
बसकं घर. भिंतीला शेवाळ.
शेवटचा फोटो चुकून काढल्यासारखा, मागच्या दाराचा.
कोपऱ्यात गळका नळ,
नळाखाली लाल बादली,
तिची कडी तुटलेली, तारेनं बांधलेली.

मी फोटो मोठा केला.
अजून मोठा केला.
बादली काठोकाठ भरलेली, बाजूला पालथा तांब्या.
एवढ्या पावसाच्या गावात
कुणीतरी थेंब धरून ठेवतंय.

हे, मी म्हटलं.
'समुद्र लांब आहे इथून.'
असू द्या.
'दवाखान्याचं विचारलं नाही अजून.'
विचारा.
'माणूस तरी दिसतंय का एक फोटोत?'
दिसतंय, मी म्हटलं.
त्यांनी चष्मा पुसला, परत बघितलं,
आणि वहीत ताइपिंगसमोर काहीच न लिहिता
वही मिटली.

आता तिकिटं आलीत. वीस तारीख.
बॅगेचं वजन करतोय दोन वेळा रोज,
ज्वारीचं पीठ घालतोय, काढतोय.
ऑफिसचा जुना टेप मी स्वेटरच्या घडीत लपवलाय.
स्वेटर तिथं लागणार नाही हे दोघांनाही माहीत आहे.

काल आठव्या दिवसाचा नळ आला,
नेहमीसारखा रात्री दोनला.
दोघंही उठलो. यांनी पाइप धरला, मी बॅटरी.
पिंप भरलं, हंडे भरले, कुकर भरला,
वाट्यासुद्धा.
'अगं, हे आठ दिवस कोण पिणार?'
हे म्हणाले, पाइप मात्र सोडला नाही.

मी पिंपावर झाकण ठेवलं.
झाकणावर पाटा.