निर्लेखन

वाहन क्रमांक : पुसट.
एवढं लिहून माझं पेन थांबतं.
खिडकीबाहेर जांभळाखाली ती उभी,
चारही चाकं मातीत रुतलेली,
पाइपच्या खणात वॉचमनची कोंबडी अंड्यांवर बसलेली.
साहेबांना उद्या फाइल हवी आहे :
अंदाजे वजन, भंगाराचा दर, शेरा.

नखाने खरवडलं की लाल पापुद्रा निघतो,
त्याखाली आणखी जुना, काळपट लाल,
आणि त्याच्याही खाली फौजी हिरवा.
लढाई संपल्यावर कल्याणच्या छावणीत पडून राहिलेली लॉरी.
सत्तावन साली नगरपालिकेने लिलावात घेतली,
मागे पंप बसवला, पुढे पितळी घंटा,
आणि काडेपेट्या बनवणाऱ्या अंबरनाथला
आग विझवणारी गाडी मिळाली.
यातली गंमत गावाला तेव्हाच कळली होती.
हार घालायला कारखान्याचे मॅनेजर आले,
पूजेची उदबत्ती पेटेना,
तेव्हा काडी म्हणे त्यांच्याच खिशातून निघाली.

लॉगबुकातलं अक्षर ड्रायव्हर बाबाजी गायकरांचं,
चौथी पास, सगळ्या वेलांट्या एकाच बाजूला.
'बुवापाडा. पेंढ्याची उडवी. विझली.'
'कारखाना. सावरीचे ओंडके. दोन दिवस. गूळ चणे मिळाले.'
'विहीरीत म्हैस. काढली. लाथ मारली.'
'वालधुनीचे पाणी ओढले. पाइपात मासा आला.'
हे मी दोनदा वाचलं.
वालधुनी. मासा.

मग एका पानावर नुसतं :
'फाटक बंद. मालगाडी. अकरा मिनिटे.'
विझली नाही, मिळालं नाही, पुढे काहीच नाही.

रुळांच्या पलीकडे चाळ, अलीकडे ही,
टाकी काठोकाठ, घंटा वाजतेय,
आणि मधून वाघिणी चालल्यात एकेक,
कुणाला कसली घाई नसल्यासारख्या.
फायरमन कुन्हीरामन पाइप खांद्यावर घेऊन
चालत्या डब्यांखाली शिरायला निघाला,
चौघांनी धरलं त्याला.
माझी आई पलीकडे होती.
ती एवढंच सांगते :
घंटा ऐकू येत होती ना,
म्हणून आम्ही बादल्या खाली ठेवल्या.

पुढच्याच महिन्याचा अर्ज फाइलीत आहे.
'गाडी एक रात्र पूर्वेला, एक रात्र पश्चिमेला
उभी करण्याची परवानगी मिळावी ही विनंती.'
वर मुख्याधिकाऱ्यांची हिरवी शाई : नियमात बसत नाही.
पेट्रोलचा हिशेब मात्र वेगळं बोलतो.
रोज संध्याकाळी दीड मैल जास्त,
सोळा वर्षं.
कुणी विचारलं नाही. की विचारलं नसेलच असं ठरवलं सगळ्यांनी.

टंचाईत तिने हंडे भरले.
कुन्हीरामनच्या थोरलीच्या लग्नात
मांडवामागे भांडी विसळायला उभी राहिली,
त्या तारखेला नोंद आहे : 'प्रात्यक्षिक.'
मग फाटक गेलं, पूल आला,
नव्या गाड्या आल्या भोंग्याच्या,
आणि हिला जांभळाखाली ढकलून आणलं सहा जणांनी.
ढकलणाऱ्यांत बाबाजी नव्हते.

आता साहित्य.
शिडी एक, मोडकी. नोझल दोन. पंप एक, गंजलेला.
घंटा पितळी, एक.
घंटेचा लोळा...

तो कुठे आहे ते मला माहीत आहे.
गणपतीत मोरिवलीला त्यांच्या घरी गेले होते.
काकू त्यानेच लसूण ठेचत होत्या.
म्हणाल्या, रिटायर झाले त्या दिवशी
पिशवीतून आणलंनी कुठूनसं. जड आहे, बरं पडतं.
बाबाजी ओटीवर बसलेले. ऐकू येत नाही आता,
माझं नाव तीनदा सांगावं लागलं.
पण आत ठक्‌ झालं
की मान वर करून
रस्त्याकडे बघत होते.

रकान्यात मी लिहिते : गहाळ.
आणि एकूण वजनातून
दीड किलो कमी करते.