डोरीनचं टेबल

सगळ्यांनी मेनू माझ्याकडे सरकवला.
"तू सांग. तुला कळतं."
आम्ही आठ जणी, वॉर्ड सातच्या,
कुणाची तरी बदली होती, कुणाचा वाढदिवस,
आणि ग्रिम्सबीच्या गोदीमागचं हे 'बंगाल प्रिन्स',
भिंतींना लाल मखमली कागद,
खिडकीत लाकडी हत्ती,
सोंडेला सेलोटेप.

मेनू उघडला, तर
नेमका न केलेला धडाच परीक्षेला आलेला.
जालफ्रेझी. धानसाक. पथिया. फाल.
चिपळूणला आमच्या घरी यातलं काही
शिजलं नव्हतं,
शेजारी नव्हतं,
मुंजीच्या पंगतीतही नव्हतं.
टेबलाखाली फोन धरून
मी शोधत बसले
माझ्याच देशाचं जेवण.

वेटर वाकला. छातीवरच्या पट्टीवर मुहिबूर.
मी हिंदीत कुजबुजले, यात चांगलं काय असतं?
तोही मोडक्या हिंदीतच,
"दीदी, मैं तो सिलहट का.
ये सब मैंने भी इधर आके सीखा.
डोरीन से पूछो."

डोरीन. पासष्टीला टेकलेली,
गुडघे दुखतात म्हणून लिफ्टशी भांडणारी.
तिनं चष्मासुद्धा न लावता मेनू मिटला.
"पापड सोळा. लोणच्यांचे ट्रे दोन,
कांदा जास्त आण, मागच्या वेळी पुरला नाही.
भात पिलाव.
हिला मद्रास, पण मोठा आचारी असेल तरच."
मुहिबूर आत डोकावून आला. होता.

पापडांची चळत आली
आणि तिनं मधोमध मूठ हाणली,
नारळ फोडावा तशी.
मी जन्मभर पापड
कडेकडेनं मोडत, ताकभातापर्यंत पुरवत आले.
इथं पापडानंच पान सुरू होतं.
असू दे. पाहुणीनं पद्धत काढू नये.

पाहुणीच. कारण वाढत होती ती.
"घे अजून. एवढंसं काय?
रात्रपाळीनं वाळलीयस नुसती."
आग्रहाला मराठीच लागते
असं मला उगाच वाटायचं.

कोपऱ्यात दोघांचं एक टेबल.
दोन ताटल्या, दोन पेले, घडी घातलेले रुमाल.
दाराशी चार माणसं ताटकळत होती
तरी कुणाला दिलं नाही.

"ते माझं," डोरीन म्हणाली.
"आज गुरुवार ना. मी इथं तुमच्यात बसलेय
तरी मांडून ठेवलंय बघ.
क्लाइव्ह मासेमारीच्या बोटीवर.
बोट लागली की आधी इथं, मग घरी,
अंगाला हॅडॉकचा वास.
पहिलं मद्रास खाल्लं तेव्हा ढसाढसा रडला,
आणि त्याच रुमालानं नाक पुसून
मला लग्नाचं विचारलं.
शेवटी शेवटी काही जाईना त्याला,
तर यांचे म्हातारे मालक
दोन बस बदलून हॉस्पिटलात यायचे,
मऊ भात, डाळ घेऊन.
ती डाळ मेनूवर नाही."
मग तिनं आंब्याची चटणी
उगाचच माझ्याकडे सरकवली.

"तुमच्याकडे असंच करतात का गं मद्रास?"
सात चेहरे वळले.
माझ्या तोंडात घास. टोमॅटो, जिरं, थोडी साखर,
मागून येणारा जाळ.
हो म्हणणं सोपं होतं.
म्हटलं, "नाही. आमच्याकडे असं होत नाही."

ती अशी खूश झाली
की जणू मुलाचा निकाल लागला.
"वाटलंच. क्लाइव्ह म्हणायचा,
हे फक्त इथंच मिळतं."

बाहेर हंबरवरून वारा,
आठ कोटांना एकच फोडणी.
बसथांब्यावर ती म्हणाली,
पुढच्या गुरुवारी ये हवं तर.
ताटल्या दोन असतातच.

घरी आल्यावर ड्यूटीचा तक्ता बघितला.
गुरुवारी रात्रपाळी होती.
बदलून घेतली.